गुंत्याची टोपली

"आत्या, बाबा उठूनच नाही राहिले..." सकाळी चहा गाळत असताना रुचाचा फोन आला. मी प्रताप नगरला दादाच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दादा झोपेतच गेला. साऱ्या जन्मात एवढी एकच गोष्ट त्यानं शांतपणे केली.

दादा म्हणजे उतू जाणारं दूध. धरमपेठेतल्या कापड दुकानात मालकाशी कडाकडा भांडायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच मालकासाठी वहिनीच्या हातचे वडे न्यायचा. किल्ल्या, छत्र्या, चष्मे तर त्यानं विसरून विसरून साऱ्या नागपूरला वाटले. आम्ही त्याला तिरसट म्हणून मोकळे झालो होतो. पुढे त्याच्या लेकीच्या, रुचाच्या, शाळेतून तक्रारी यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, एडीएचडी आहे. लक्ष उडतं तेवढंच नाही, राग येतो तो पुरासारखा, आणि रडूही तसंच. दादा खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होता.

"डॉक्टर, तुम्ही पोरीचं सांगून राहिले का माझं?"

मग त्याचीही तपासणी झाली, दोघांची औषधं सुरू झाली. घरी येताना तो मला म्हणाला, "मले वाटे, मी माणूसच खराब आहो वं..." हे तो पन्नास वर्षं मनात घेऊन हिंडला, आणि आम्ही त्याला हसत राहिलो.

आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. आमच्या बाबांचा हातमाग कधीच गेला, पण सुताच्या लडी माळ्यावर होत्या. दादानं त्या काढल्या, मुद्दाम गुंतवल्या आणि टोपलीत ठेवल्या. डोकं फिरलं की टोपली मांडीवर घ्यायची. सूत ओढलं तर तुटतं, म्हणून बोटं हळू होतात, आणि बोटांमागून श्वासही. ज्याच्या हातात सूत आहे त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. पूर ओसरला की मग बोलायचं, माफी मागायची असेल तर मागायची. दोघं बापलेक कधीकधी एकाच टोपलीत हात घालून बसत.

एका दिवाळीच्या साफसफाईत आमच्या आईनं घोटाळा केला. सारा जन्म मागाजवळ घालवलेली बाई ती; गुंता दिसला की तिचे हात शिवशिवतात. तिनं सगळं सूत सोडवून त्याचे गुंडे करून ठेवले. त्याच दिवशी दादा दुकानातून भणभणत आला, टोपलीत हात घातला, तर आत नुसते गुंडे!

"काहून वं माय, आता मी काय सोडवू?"

आता भडकणार, असं वाटलं आणि दादा खो खो हसत सुटला. मग दोघं बापलेक जमिनीवर बसून सगळं पुन्हा गुंतवायला लागले. आईनं कपाळाला हात लावला, "दोघंही पागल झाले!"

दादाला जाऊन महिना झाला. भेटायला येणारे रुचाला सांगतात, शहाण्यासारखी वाग, तुझ्या आईकडे बघ. परवा तिनं अशाच एका पाहुण्याच्या समोर पाण्याचा पेला भिंतीवर फेकला आणि आत पळाली. मी मागे गेले. "माझ्यासारखा एकच माणूस होता आत्या," ती हुंदके देत म्हणाली. टोपली समोर होती, पण ती हात लावेना. त्यात दादानं अर्धवट सोडवलेला गुंता होता, आणि तो तिला संपवायचा नव्हता.

माझी म्हातारी आई हळूहळू भिंतीला धरत आली. त्या दिवाळीतला एक घट्ट गुंडा फळीवर राहिला होता, तो तिनं काढला, खाली बसली आणि तो उसवून, चुरगाळून त्याचा पार गुंता केला. मग तो रुचाच्या मांडीत ठेवून ती गप्प बसून राहिली.