उपासनाताईंची शिकाऊ मुलगी

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आम्हा मराठी मंडळींपैकी कुणाच्या चष्म्याची फ्रेम मोडली, की तो उपासनाताई गजभियेंच्या लॅबचं मागचं दार ठोठावतो. ताई चष्म्याच्या काचा घासतात. बोलणं कमी, काम स्वच्छ.

हे काम त्या नागपुरात शिकल्या. वडील लवकर गेले, आई बिड्या वळायची. वस्तीतल्या बुद्धविहाराचा एक निधी होता. गरीब घरच्या मुलांना तो कारागिरांकडे शिकायला ठेवायचा आणि त्यांचा खर्च उचलायचा. दहावीनंतर ताईंना सीताबर्डीच्या एका चष्मेवाल्याकडे ठेवलं. पुढे गाड्यांच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या रवीशी लग्न झालं आणि त्या मिशिगनला आल्या. इथल्या एका लॅबमध्ये कामाला लागल्या. म्हाताऱ्या मालकानं निवृत्त होताना लॅब त्यांनाच विकली.

आपल्याला जे मिळालं ते इथल्या मुलांनाही मिळावं, असं त्यांच्या मनात होतं. रविवारी वंदनेला जमणाऱ्या मंडळींपुढे त्यांनी विषय काढला आणि निधी उभा राहिला. शेजारच्या पाँटियाक गावातली, कॉलेज न परवडणारी मुलं निवडायची आणि कारागिरांकडे ठेवायची. हिशेब आणि शिस्त रामभाऊ ढोक्यांकडे. ते निवृत्त इंजिनियर.

पहिली मुलगी आली मारिसोल. अठरा वर्षांची. आई मोटेलमध्ये सफाईला. कारागीर अजून कुणी मिळाला नव्हता, म्हणून ताईंनी तिला स्वतःकडेच घेतलं.

मारिसोल वेळेवर यायची, सांगितलेलं करायची. हात चांगला होता. पण काम संपलं की ती मशीनपासून लगेच दूर व्हायची. ताईंना वाटलं, नवीन आहे, रुळेल.

फेब्रुवारीत पडल्यापडल्या गोठणारा पाऊस झाला, झाडांवर बर्फाचा थर चढला. लॅबसमोरच्या मोठ्या मेपलच्या झाडाची एक फांदी मोडून तारांवर लोंबकळायला लागली. सकाळी झाडं छाटणारी माणसं आली. त्यातली एक बाई कमरेला दोर बांधून वर चढली. मारिसोल जेवणाच्या सुट्टीत बघायला बाहेर गेली ती परत आलीच नाही. ताई कोट घालून तिला आणायला गेल्या. मुलगी थंडीत मान वर करून उभी होती. ओठ निळे पडले होते.

आत आल्यावर ताईंनी तिच्या हातात चहा दिला.

"तुला ते शिकायचंय?" त्यांनी विचारलं.

मारिसोलनं कप दोन्ही हातांत धरला. "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत," ती म्हणाली. "मी हे पूर्ण करीन."

"मी ते नाही विचारलं."

मग ती हळूच म्हणाली, "हो."

रविवारी वंदना झाल्यावर आमच्यातल्याच राजेशच्या बेसमेंटमध्ये निधीची बैठक बसली. मारिसोलला झाडं छाटायचं काम शिकायला पाठवावं, असं ताईंनी सुचवलं. रामभाऊंना हे पटलं नाही.

"ताई, वर्ष होत आलंय. आता सोडलं तर उद्या प्रत्येक जण मधेच चेंज करायला मागेल. आणि पोरगी वरून पडली तर? तिच्या आईला तोंड कोण दाखवणार?"

"पडायची भीती मलाही आहे," ताई म्हणाल्या. "पण काका, मला चष्मेवाल्याकडे ठेवलं ना, तेव्हा मला छापखान्यात जायचं होतं. त्याच गल्लीत होता. मशीनचा आवाज दुकानात यायचा. मी कुणाला बोलले नाही, कारण कुणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी मी, दुसरं काही नको, असंच म्हटलं असतं. ज्यांनी पोटाला घातलं त्यांना कसं सांगणार?"

"मग तुमचं काय वाईट झालं?" रामभाऊंनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काहीच नाही. चांगलं झालं. तरी कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

रवी जवळच बसला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण छापखान्याची गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं ताईंकडे पाण्याचा ग्लास सरकवला.

रामभाऊंनी विचार करायला आठवडा मागितला. त्या आठवड्यात ते स्वतः ड्राइव्ह करून झाडं छाटणाऱ्या कंपनीच्या मालकाकडे गेले आणि विमा, हेल्मेट, दोर, सगळं विचारून आले. मालकाची एकच अट होती, पहिलं वर्षभर जमिनीवर. वर चढलेल्यांनी कापलेल्या फांद्या ओढायच्या, त्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रात घालायच्या.

मारिसोलनं वर्षभर फांद्या ओढल्या. मध्ये एकदा पाठ धरली म्हणून ती घरी बसली. ताई डबा घेऊन भेटायला गेल्या, तेव्हा तिच्या आईनं दारातच विचारलं, "काचांचं काम परत मिळेल का?" ताईंनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही. मग तो विषय तिथेच राहिला.

आता ती वर चढते. तिला पहिल्यांदा चढताना बघायला ताई गेल्या होत्या, पण अर्ध्यातूनच गाडीत जाऊन बसल्या. बघवेना, म्हणाल्या.

लॅबमध्ये मदतीला त्यांना बरेच दिवस कुणी नव्हतं. उशिरापर्यंत एकट्याच काचा घासत बसायच्या. पण त्याबद्दल त्यांनी कुठे तक्रार केलेली मी ऐकली नाही.

निधीच्या बैठका मात्र हल्ली बराच वेळ चालतात. मूल आलं की रामभाऊ आधी त्याला काय आवडतं ते विचारतात आणि मुलं वाटेल ते सांगतात. गेल्या रविवारी एकानं मधमाश्या पाळायच्या आहेत असं सांगितलं. चहा निवत होता आणि राजेश फोनवर मधमाश्या पाळणारं कुणी जवळपास आहे का ते शोधत होता.