तबकडी कधी येते

बायको गेल्यापासून लोहारा गावातल्या माझ्या घरात बोलणारी वस्तू एकच, मोबाईल. तोही बहुतेक वेळा रिचार्ज संपत आल्याचंच सांगतो.

लेक पुण्यात नोकरीला. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. "आप्पा, जेवलात?" "व्हय." "गुडघा?" "हाय तसाच." मग दोघंही गप्प. घरात बोलायचं काम तिच्या आईचं होतं. आम्ही बापलेक नुसते ऐकणारे. फोन ठेवला की घर खायला उठायचं. एखाद्या रविवारी हे चार शब्दही आटतील, याची मला खरंच भीती वाटायची.

दिवाळीला आली तेव्हा तिनं माझ्या मोबाईलमध्ये एक जुना गेम टाकून दिला. ती लहानपणी जत्रेत नाणं टाकून खेळायची, तोच. वर राक्षसांच्या पाच ओळी, खाली आपली एक तोफ. राक्षस डावीउजवीकडे सरकतात, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात. आपले जीव तीन. पण एक जरी राक्षस जमिनीला टेकला, तर जीव शिल्लक असूनही खेळ खलास.

सुरुवातीला मी त्यांना हाकलत होतो. जोंधळा हुरड्यात आला की आम्ही माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतो, ती पाखरं मारायला नव्हे. दगड थव्याजवळून सणसणत गेला की पाखरं आपोआप उठतात. त्याच सवयीनं मी राक्षसांच्या शेजारून गोळ्या सोडत बसलो. ते ढिम्म. रविवारी लेकीला म्हणालो, "माय, ही लई निबर जात हाय. उठतच न्हाईत." ती इतकी हसली की मला तिची आई आठवली.

मग तिनं मला शिकवायला घेतलं. खालच्या दोन ओळींतला राक्षस दहा गुणांचा, मधल्या दोन ओळींतला वीस, सगळ्यात वरचा तीस. एक गोळी लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही, म्हणून नेम चुकला की बसा वाट बघत. कडेच्या उभ्या रांगा आधी पाडायच्या, म्हणजे उरलेल्यांना कडेला पोचायला वेळ लागतो आणि ते सावकाश उतरतात. जसजसे कमी होतात तसतसे जोरात पळतात; शेवटी उरलेला तर पिसाळल्यासारखा धावतो. माणूस एकटा उरला की उलट मंदावतो, हे मी तिला बोललो नाही. आणि मध्येच अगदी वरून एक उडती तबकडी जाते, तिचे गुण सगळ्यांहून जास्त. आमचा फोन अर्धा अर्धा तास चालू लागला.

पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. शेत बटईनं दिलेलं, दिवसभर दुसरं करायचं काय? संक्रांतीपर्यंत मला खेळ चांगलाच जमला. सगळंच यायला लागलं तर ती मला शिकवणार काय? म्हणून मी स्कोअर कमी सांगू लागलो. "दुसऱ्याच डावाला मेलो, माय." की ती पुन्हा पहिल्यापासून समजावायची.

गेल्या रविवारी तबकडीबद्दल सांगता सांगता ती थांबली.

"आप्पा, एक सांगू? तुमचा स्कोअर माझ्या मोबाईलवर दिसतो. पहिल्यापासून. माझा तर तुम्ही संक्रांतीलाच मोडलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, आणि ते भांडं तिला रोज दिसत होतं.

"मंग शिकवत कशाला बसलीस गं?"



"खोलीवर आले की मला तरी कोण असतं, आप्पा? हे नसतं तर आपण काय बोललो असतो?"

मी म्हणालो, "बरं, ती तबकडी कवा येती म्हनलीस?"

ती पुन्हा सांगू लागली. मला सगळं पाठ होतं. मोबाईल कानाला घट्ट धरून मी ऐकत राहिलो.