हैदराबाद दीड तासावर

सोमवार, चार मे. हजर: आई, मी, माझे यजमान आणि आमच्या वेवजी गावातला गाडीवाला. फोनवर: धाकटा भाऊ, हैदराबादहून.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन हैदराबादला करायचं, हे भावाने ठरवलं. डॉक्टरची तारीख घेतली, आई आणि मी अशी दोघींची तिकिटं काढली आणि मला फोनवर एक चित्र पाठवलं. मुंबईचा विमानतळ, हैदराबादचा विमानतळ, मध्ये सरळ रेघ. सहाशेच्या वर किलोमीटर, वेळ दीड तास. खाली लिहिलं होतं, "ताई, डहाणूच्या बाजाराला जाऊन यायला याहून जास्त वेळ लागतो तुम्हाला."

मी उलट यादी पाठवली. वेवजी ते तलासरी, तलासरी ते चारोटी, चारोटी ते विमानतळ, हायवेचं काम बघता पाच तास. आत थांबायला दोन. तिकडे उतरून त्याच्या घरापर्यंत दीड. म्हणजे विमानाचा दीड धरून एकूण दहा तास. त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला.

सकाळी सातला निघालो. चारोटीला चहासाठी उतरलो, आई गाडीतच बसली.

"पाणी तरी घे."

"नको बाय, तहान नाय."

"मावशी, विमानात चहा विकत देतात," गाडीवाला म्हणाला. "मग पस्तावाल."

"तिथंच पिईन. ढगात बसून."

आम्ही हसलो. मी एक्स-रे, आधार कार्ड, गोळ्या पुन्हा तपासून घेतल्या.

मनोरच्या पुढे ट्रकांच्या रांगेत अडकलो. तासभर गाडी जागची हलली नाही. आईने मान टाकली होती, मला वाटलं डोळा लागला. हात लावला तर अंग तापलेलं, ओठ फुटलेले. मला तिने तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

यजमान खाली उतरले, मागच्या गाड्या हटवल्या, कशीबशी गाडी वळवली. पहिला दिसला त्या दवाखान्यात सलाईन लावलं. अर्धी बाटली गेल्यावर आई नीट बोलू लागली. पाणी कधी प्यायलात, डॉक्टरांनी तिला विचारलं.

"काल सांजच्याला."

"का हो?"

"वाटंत जाऊ कुठं? मला उकिडवं बसता येतं का?"

हायवेवरच्या हॉटेलांतले संडास तिला ठाऊक होते. म्हणून तिने आपल्यापुरता उपाय काढला होता आणि कुणाला सांगितला नव्हता.

तेवढ्यात भावाचा फोन. "पोचलात?"

मी सांगितलं.

"अगं, पण दीड तासाचा तर प्रवास."

"तो तुझा दीड तास तुझ्यापाशीच ठेव," मी म्हणाले. दवाखान्यातली सगळी माणसं वळून बघत होती. "आई कालपासून तहानलेली आहे. तुझ्या त्या रेघेवर संडास कुठे आहे ते दाखव मला."

"मग तू का नाही विचारलंस तिला?"

मी फोन कापला. सामानाच्या यादीत माझ्या सतरा ओळी होत्या. चार्जरसुद्धा होता. तिच्या लघवीचा विचार मीही केला नव्हता, आणि ते त्याने मला सांगावं याची तिडीक अजून गेलेली नाही.

आम्ही वेवजीला परतल्यावर चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला. या वेळी पहाटेचं विमान बघतो, ट्रॅफिक लागणार नाही. म्हणजे आईला आदल्या रात्रीच उठवून गाडीत बसवायचं. मी उत्तर दिलेलं नाही.

गुडघ्यांची ऑपरेशनं वापीलाही होतात, इथून तासाभरावर. तिला तिथे जायचंय, हैदराबादला जायचंय, की ऑपरेशनच नकोय, हे आईला विचारायचं राहिलंय.