उपट्या

उपट्या चालायला लागला की आधी त्याची टाच दिसायची. जमिनीत ठोकलेली खुंटी दिसली की तो तिच्यावर बुटाची टाच ठेवून जोर द्यायचा. खुंटी तसूभर हलली तरी उपटून फेकून द्यायचा. मालक समोर उभा असला तरी त्याला विचारायचं नाही. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की उपट्या. त्याचं खरं नाव मला माहीत होतं, पण ते घ्यायची मला आजही इच्छा नाही.

सुरतेजवळच्या सचिन गावाच्या अलीकडे एका शेतकऱ्याने आपल्या शेताचे प्लॉट पाडले, तेव्हा आखणीला हा आला. मूळचा बडोद्याचा मराठी माणूस, सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. आम्ही सगळे अमळनेरकडचे लूम कामगार. आमचं अहिराणी बोलणं ऐकलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. बायका चहा घेऊन गेल्या तर "टेपवर सांडेल" म्हणून परत पाठवायचा. उन्हात टेप धरून उभ्या असलेल्या माणसाला "तुम्ही माणूस आहात की पडदा? वाऱ्याने हलताय!" असं म्हणायचा. एवढा अपमान करूनही त्याला कोणी काही बोलायचं नाही, कारण त्याने आखल्याशिवाय दस्तावेज होत नव्हता.

आमच्या माणसांनी दस्तावेजात चतुःसीमा लिहून घेतली ती अशी: पूर्वेला भास्कर पाटील, पश्चिमेला गावचाच शिवाजी. आपल्या चारी बाजूंना आपलीच माणसं आहेत याचा सगळ्यांना कोण अभिमान! उपट्याने तो मसुदा वाचला आणि बोटाने टिचकी मारून उडवला. "माणूस ही हद्द नसते. माणूस मरतो, विकतो, पळून जातो. कॅनॉल लिहा, रस्ता लिहा, प्लॉटचा नंबर लिहा." दिवाळीच्या तोंडावर असं अभद्र बोलल्याबद्दल माझ्या आजीने त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यातली एकही वाया गेली असं मला वाटत नाही.

त्याच दिवाळीत, भाऊबीजेला, ती गोष्ट घडली. भास्कर पाटील म्हणजे माझा मामा, आईचा एकुलता एक भाऊ. रस्त्याला लागून असलेला कोपऱ्याचा प्लॉट त्याच्या नावावर होता आणि त्याला चिकटून आतला प्लॉट माझ्या वडिलांच्या. आईने ओवाळलं आणि मामाने तबकात त्या कोपऱ्यातली मूठभर माती ठेवली. "कोपरानी जागा तुले, ताई. मी मजार राहसू," तो म्हणाला. म्हणजे कोपरा आम्हाला आणि आतला प्लॉट त्याला. आई ढसाढसा रडली. सुरतेत आल्यापासून माहेर तुटलं म्हणून ती झुरत होती, आणि आता माहेर भिंतीला भिंत लागून येणार होतं.

दुसऱ्याच दिवशी वडिलांनी नारळ फोडून कोपऱ्यावर आपल्या खुंट्या ठोकल्या. उपट्या आला, त्याने नकाशा पाहिला आणि हळद-कुंकू लावलेल्या त्या चारही खुंट्या उपटल्या.

"अदलाबदल केली असेल तर रजिस्टर करा."

"भाऊनी बहीणले दिधं, साहेब. त्याना कागद कसाना?" वडील हात जोडून म्हणाले.

"मग देऊ नका. हद एटले हद. हद्दीला भाऊ नाही, बहीण नाही."

आईच्या तोंडाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो गेल्यावर वडिलांनी त्याच खुंट्या पुन्हा ठोकल्या. ओवाळणीचा कागद करायचा म्हणजे भावावर अविश्वास दाखवायचा, असं सगळ्या गल्लीचं मत पडलं. कोपऱ्यावर आमच्या दोन पक्क्या खोल्या झाल्या, दारात हातपंप आला. आत मामाने पत्र्याची खोली बांधली. आई पोळीचा तवा उतरवायची आणि पहिली पोळी भिंतीवरून मामाकडे जायची. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती.

मग प्लेग आला. अर्धं सुरत पळालं, त्यात मामाही पोरं घेऊन गावी गेला तो घाबरून तिकडेच राहिला. पुढे त्याने घर विकलं कतारगामच्या एका हिऱ्याच्या कारखानदाराला. शेठला त्याने आपली पत्र्याची खोली दाखवली, शेठला ती पसंत पडली, आणि मामाने ट्रंकेतला दस्तावेज काढून दिला. तो कोपऱ्याचा होता. मामाने नंबर पाहिला नाही. आपलं घर विकतोय, त्यात पाहायचं काय?

ताबा घेण्याआधी शेठने मोजणीला उपट्याला बोलावलं. अख्ख्या सुरतेत त्याला दुसरा माणूस मिळाला नाही. उपट्याला सगळं ठाऊक होतं. शेठ पत्र्याच्या खोलीवर खूश होता, आम्ही आमच्या घरात होतो. या माणसाने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. त्याने टेप सोडली, सरळ आमच्या हातपंपापाशी आला आणि म्हणाला, "शेठ, तमारी जग्या आ छे. आतली नाही."

रस्त्याला लागून पक्कं घर मिळतंय म्हटल्यावर शेठ कशाला सोडतोय? वडील उपट्याच्या पायावर पडले. त्याने पाय मागे घेतले. "उठा. टेप सरकते."

मामा गावाहून धावत आला. आई त्याला म्हणाली, "तू मन्ही ओवाळणी इकी टाकी!" मामा रडत म्हणाला, "मी मन्हं घर इकं, ताई. तुन्हं नही." दोघंही खरं बोलत होती. मामा रात्रीच्या गाडीने परत गेला तो पुन्हा सुरतेला आला नाही. ताईला तोंड कसं दाखवू, असं तो गावात सगळ्यांना सांगत राहिला.

आम्ही सामान उचलून मामाच्या पत्र्याच्या खोलीत आलो, कारण कागदावर तीच आमची होती. तिच्या चार कोपऱ्यांवर उपट्याने न सांगता लोखंडी खुंट्या ठोकल्या. त्यानंतर दरवर्षी दिवाळीत तो यायचा, चारही खुंट्यांवर टाच दाबायचा आणि निघून जायचा. का यायचा, ते आम्ही विचारलं नाही. गल्लीत कोणी म्हणे ते त्याच्या मनाला लागून राहिलं आहे. मला तसं वाटत नाही. आपलं काम पक्कं आहे ना, एवढंच तो बघत असणार.

एका भाऊबीजेला तो संध्याकाळी आला. आई तबक घेऊन दारात उभी होती. त्याने टाच दाबली आणि म्हणाला, "हलत नाही, ताई." एवढ्या वर्षांत तिला त्याने पहिल्यांदाच ताई म्हटलं.

"खुटी नही हालनी, साहेब," आई म्हणाली. "मानसं हाली गयात."

त्याने खुंटीवरची टाच उचलली आणि तो मान खाली घालून रस्त्याकडे चालू लागला. पुढच्या दिवाळीला आला नाही. वारल्याचं नंतर कळलं. मी रडले नाही. आज घर घेताना मात्र मीही आधी कोपऱ्यातल्या दगडावर टाच दाबून बघते, आणि त्याचा राग नव्याने येतो.

त्या संध्याकाळी तो गेल्यावर आईने तबक उचललं आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझी आई भावाच्या घराच्या उंबऱ्यात उभी राहून ओवाळत होती.