माहेरचा भुंगा

रॉकेलचा वास आला की मला कराडजवळच्या आमच्या शेतातला कडुनिंब आठवतो. लग्नानंतरचा पहिलाच वळीव होऊन गेला होता आणि दिवस मावळताना सगळं घर निंबाच्या फांद्या हलवून हुमणीचे भुंगेरे पाडत होतं, कारण आदल्या साली हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाऊन अर्धा ऊस आडवा केला होता. तपकिरी भुंगेरे टपाटप पडत होते आणि आम्ही ते वेचून रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकत होतो. तेवढ्यात सासूबाईंनी बांधावरचा एक काळा, जाडजूड भुंगा उचलला आणि मी नवी नवरी असल्याचं विसरून ओरडले, "आवं आत्या, त्यो नगं! त्यो शेणातला हाय, उसाला तोंड लावत न्हाई." माझ्या माहेरी, आटपाडीच्या माळावर, शेरडं पुढं गेली की मागं लेंड्या उचलायला हेच राबायचे. सासूबाईंना पटेना. त्यांनी तो गोठ्यात ताज्या शेणाजवळ सोडला. त्यानं डोक्यानं शेण कापलं, पायांनी थापून गोळी वळली आणि डोकं खाली, मागचे पाय वर करून ती स्वतःहून मोठी गोळी उलटा ढकलत नेऊन कडेच्या भुसभुशीत मातीत पुरली. "लय कामाचा हाय की गं," सासूबाई उकिडव्या बसून बघत म्हणाल्या, "त्यो बादलीतला निंबाचा पाला खातोय, त्येची पोरं उसाची मुळं खात्यात, आन ह्यो घाण उचलून रानाला खत घालतोय." अजूनही दर वळवाला, भुंगेरे बादलीत ओतायच्या आधी त्या चष्मा लावून वाकतात आणि मला विचारतात, "बघ गं, तुझ्या माहेरचं कोण न्हाई न्हवं ह्यात?"