मावशींचा अंगठा

वाघोलीच्या ज्या कॉलेजात मी क्लार्क होते, तिथं झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्याआधी हजर असायच्या. बुधवार पेठेतून दोन बस बदलून मी पोचेपर्यंत माझं टेबल पुसलेलं, खिडकी उघडलेली, बाटलीत पाणी भरलेलं. आठ वर्षं हे असंच चाललं.

मग हजेरीचं मशीन आलं आणि त्याला मावशींचा अंगठाच ओळखू येईना. फिनेल आणि ॲसिडनं बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. "ताई, ह्ये मेलं परत न्हाय म्हणतंय," असं करवादत त्या अंगठा पदराला पुसून पुन्हा दाबायच्या. मला हसू यायचं. हो, हसू यायचं!

खरं तर माझ्या कॉम्प्युटरवरून कुणाचीही हजेरी लावता येत होती. प्राध्यापकांची मी लावायचेच. "अहो मॅडम, अंगठा राहिला आज," एवढा फोन पुरे. साडेअकराला उगवणारे महाशय माझ्या कृपेनं नऊला हजर. मावशींसाठी मात्र प्राचार्यांची सही लागायची. रोज चिठ्ठी लिहून मी त्यांच्या ट्रेमध्ये ठेवायचे. साहेबांना सवड कुठली? चिठ्ठ्या तिथंच साठत गेल्या आणि रोज येणाऱ्या मावशी कागदावर गैरहजर होत गेल्या.

पुढं सफाईचा ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं हजेरी बघूनच माणसं ठेवली आणि मावशींचं नाव कापलं. त्या तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरल्या. "सायेब, ताईंना इचारा. त्या रोज बघत्यात मला."

मला बोलावणं आलं. प्राचार्यांनी मान वर न करता विचारलं, "काय हो, या रोज येतात?"

हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की त्या चिठ्ठ्या निघणार, सह्या कुणी केल्या नाहीत तेही निघणार. आणि माझ्या बढतीची फाइल त्याच टेबलावर होती.

मी म्हणाले, "सर, रेकॉर्डप्रमाणे हजेरी कमीच दिसते."

वा! काय नेमकं वाक्य. एक अक्षर खोटं नाही त्यात.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी फाइलीकडे. बाहेर आल्यावर मी काहीतरी सारवासारव करायला लागले, तर त्यांनीच माझा हात धरला. "जाऊ द्या ताई. तुमची बी नोकरी हाय." शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत.

आता मी कार्यालय अधीक्षक आहे. परवा भाजी चिरताना अंगठा कापला, त्यावर पट्टी. मशीनपुढं उभी राहिले, तोच माझ्या जागी आलेला क्लार्क धावत आला. "राहू द्या मॅडम, मी लावतो तुमची." लावलीसुद्धा. सही नाही, चिठ्ठी नाही.

केबिनचं दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. एक हो म्हणायचं होतं गं बाई, फक्त एक हो.