सप्रेम भेटींचा कप्पा

तापीच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमच्या मोहल्ल्याचं पुस्तकांचं दुकान आहे. बाकी सगळी हिंदी पुस्तकं, त्यात मराठीचा एकच कप्पा. दर रविवारी आमचं साहित्य मंडळ त्या कप्प्यासमोर उभं राहून वाचतं, खुणेला बसचं तिकीट घालतं आणि पुस्तक जागेवर ठेवून चहाला जातं. विकत घ्यायची आमच्यात पद्धत नाही. प्रत्येक जण स्वतःचं पुस्तक स्वतःच छापतो आणि बाकीच्या दहा जणांना सप्रेम भेट देतो.

दिवाळीच्या आधी दुकानदार मला म्हणाले, "ताई, मराठीचा कप्पा हटवतो. पटवारी भरतीच्या परीक्षेच्या गाइडला जागा पाहिजे. महिनाभरात काही विकलं तर बोला."

गावात दुसरीकडे मराठी पुस्तक मिळत नाही. मी लगेच यादी केली: अकरा सभासद, प्रत्येकाने एक पुस्तक विकत घ्यायचं. मंडळात वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. मग निवृत्त मुख्याध्यापक आणि तापी नदीवर कविता करणारे आमचे अध्यक्ष म्हणाले, "कप्पा रिकामा दिसतो, म्हणून गिऱ्हाईक येत नाही. आधी प्रत्येकाने घरची पुस्तकं आणून तो भरू या." ठराव एकमताने मंजूर झाला आणि माझ्याच यादीच्या कोऱ्या बाजूवर लिहिला गेला.

पुढच्या रविवारी कप्पा गच्च भरला. अध्यक्षांनी सहज एक पुस्तक उपसलं, तर तो त्यांचाच कवितासंग्रह. पहिल्या पानावर त्यांचंच अक्षर: 'मर्मज्ञ मित्रास सप्रेम भेट'. मर्मज्ञ मित्र, म्हणजे फोपनार गावचे केळी पिकवणारे कवी, शेजारीच उभे होते.

"पानंसुद्धा चिकटलेली आहेत अजून," अध्यक्ष म्हणाले.

"सर, चांगली वस्तू लोकांपर्यंत जावी, म्हणून आणली," असं म्हणता म्हणता मित्राची नजर खालच्या ओळीत गेली. त्यांनी स्वतःचा संग्रह बाहेर काढला. "हा तुमच्या चरणी अर्पण केला होता, सर. तुम्ही थेट इथे आणून ठेवला?"

मग सगळेच कप्प्यावर तुटून पडले. ज्याला त्याला स्वतःचंच पुस्तक सापडत होतं, आणि आपलं अक्षर गावाने वाचावं हे कुणालाच परवडणारं नव्हतं. जो तो पुस्तक पिशवीत कोंबू लागला, तसे दुकानदार दारात आडवे आले.

"कप्प्यात आलं म्हणजे दुकानाचं झालं, साहेब. बिल करूनच न्या."

अर्ध्या तासात कप्पा मोकळा झाला. "ताई, राहू द्या हा कप्पा," दुकानदार म्हणाले. "गाइडपेक्षा जोरात चालतो."

मी यादी काढून दहा नावांपुढे खुणा केल्या. अकरावं नाव माझं. गृहव्यवस्थापनावरचं माझं पुस्तक तिघांनी परत आणलं होतं. तिन्ही प्रती मीही विकत घेतल्या होत्या. अध्यक्षांना दिलेल्या प्रतीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या पत्नीने किराण्याची यादी लिहिली होती. अगदी माझ्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे: डाळी एकीकडे, मसाले एकीकडे, तेल शेवटी. त्या घरात पुस्तक वाचलं होतं ते एकट्या त्या बाईंनीच.